मातीला हात न लावता गेलेला हिवाळा

माझ्या गळ्यातली गाठ पहिल्यांदा सापडली ती डॉक्टरांना नाही, ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना. गणपतीच्या आधी जवळच्या कट्टा गावी त्यांच्या दुकानात माप द्यायला गेले होते. गळ्याचं माप घेताना त्यांची टेप थांबली.

"बाई, हय काय लागला काय तुमका?"

असं म्हणून त्यांनी माझंच बोट धरून उजव्या हासळीच्या वर ठेवलं. करवंदाएवढं, टणक, न दुखणारं काहीतरी तिथे होतं.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. शरीरातल्या ग्रंथींचा धडा कितीतरी वर्षं शिकवला आहे. तरीही घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःला सांगितलं, दाढ दुखतेय ना, त्यामुळे सूज आली असेल. खरं तर दाढ दुखत नव्हती.

रात्री घामाने उशी भिजायची, पायांना खाज सुटायची, वरच्या मजल्यावरच्या वर्गात जाताना जिन्यात मध्येच थांबावं लागायचं. हे सगळं मी पन्नाशीच्या नावावर टाकून मोकळी झाले होते. आपण बायका हे फार सहज करतो. हे लिहायला बसले त्याचं एक कारण तेच आहे.

निदानाचा दिवस

मालवणच्या डॉक्टरांनी ओरोसला जिल्हा रुग्णालयात पाठवलं, तिथून गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि शेवटी आम्ही गोव्यातल्या एका मोठ्या इस्पितळात पोचलो. बरोबर माझे यजमान, विलास. त्यांचं कट्ट्याला पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. बिघडलेली मोटर समोर आली की ते आधी ती चालू करून कान लावतात, मगच पाना हातात घेतात. त्या दिवशी डॉक्टरांचं बोलणंही ते तसंच ऐकत होते, मान किंचित तिरपी करून.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी मराठीत सांगितलं की हा लिम्फोमा आहे, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या कोकणीत आल्या. "भियेनाका. हें दुयेंस बरें जाता." घाबरू नका, हा आजार बरा होतो. दर पंधरवड्याला केमोथेरपी, साधारण उन्हाळ्यापर्यंत.

त्या क्षणी मला मरणाची भीती वाटली नाही. माझ्या मनात आलं, वांग्या-मिरच्यांची रोपं तयार झाली आहेत, ती आता कोण लावणार? नंतर किती दिवस मला याची लाज वाटत होती. पण पुढे वॉर्डात इतरांशी बोलताना कळलं की असंच होतं. एकीला म्हणे, घरचा गॅस बंद केला की नाही एवढंच आठवत होतं. एवढी मोठी बातमी एकदम आत शिरत नाही. ती दाराशी थांबते आणि तोवर मन कुठल्यातरी ओळखीच्या कामाला हात घालतं.

म्हणून मी तेच विचारलं. "बागेत काम केलेलं चालेल ना?"

"मातीत हात घालायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या पांढऱ्या पेशी कमी होणार आहेत. मातीत आणि खतात जे असतं ते एरवी तुम्हाला काही करत नाही. आता करू शकेल."

"हातमोजे घालून?"

"नको. उपचार संपेपर्यंत नकोच. आणि भाजी खायची ती शिजवूनच."

परत येताना विलासनी किनाऱ्याचा रस्ता धरला. शिरोड्याला गाडी थांबवून आम्ही चहा घेतला. समोर माडांमधून समुद्र दिसत होता.

"केतकीक काय सांगूचा?" त्यांनी विचारलं. केतकी आमची मुलगी, पुण्याला नोकरी करते.

"खरा ता सांगूचा."

"मगे तू सांग. माझ्यान जमूचा नाय."

चहाचे पैसे देऊन ते गाडीत येऊन बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. हात चाकावर ठेवून समोर बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी गाडी सुरू केली.

आक्का

पहिल्या डोसच्या आदल्या दिवशी मसुऱ्याहून विलासची थोरली बहीण आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरची शेती आणि काजू ती आणि तिचे दीर मिळून बघतात. तिचं नि माझं फारसं कधी जमलं नव्हतं. भांडण असं झालं नाही, पण तिला माझी नोकरी म्हणजे मिरवणं वाटायचं आणि मला तिचं तोंडावर बोलणं झोंबायचं. त्यामुळे तिची पिशवी बघून मला धस्स झालं.

"आक्का, कळवूचा तरी," मी म्हटलं.

"इचारून इलंय असतंय तर तू नको म्हटलं असतंस," असं म्हणत ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

मी नको म्हटलंच असतं. आणि मग आमचं काय झालं असतं, याचा विचार आता करवत नाही.

आमच्या घरामागे परडं आहे. एका कडेला विहीर, थोडे माड, एक फणस, आणि मधल्या मोकळ्या जागेत माझे भाजीचे वाफे. लग्नानंतर ही जागा नुसती रानाने भरलेली होती. शाळेतून आल्यावर थोडं थोडं करत मी ती उभी केली. आमच्याकडे पावसात भाजीला फार मार बसतो. खरी भाजी हिवाळ्यातली. भातं कापून झाली की तांबडी भाजी, मुळा, कोथिंबीर पेरायची, वांगी-मिरची लावायची, वाल मांडवावर चढवायचा. घरातल्या कुणाचा त्यात हात नव्हता आणि खरं सांगायचं तर मला तो नकोच होता. घर सगळ्यांचं होतं, परडं माझं होतं.

आता मागच्या पडवीत माझी खुर्ची मांडली गेली. तोंडावर मास्क. आक्का रोपं लावत होती आणि मी बसून सांगत होते. दोन रोपांत अंतर ठेव. मुळाशी माती दाब. पाणी पानांवर नको.

बराच वेळ तिने ऐकून घेतलं. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "नंदा, ही काय तुझी शाळा आसा? माका पाचवीतला पोर समाजलंस काय गो? आवशीच्या पोटातसून भायर पडल्यापासून मी मातयेतच आसंय."

मी खुर्चीत मागे टेकले. ती पुन्हा वाकली. दोन रोपं झाल्यावर म्हणाली, "हय किती सोडू जागा? ह्या वांग्याची जात माझ्या वळखीची नाय."

त्या दिवसापासून आमचं बरं चाललं.

खुर्च्या आणि सलाईन

पंधरवड्यातून एकदा आम्ही भल्या पहाटे गोव्याला निघायचो. आधी रक्त तपासायचं, रिपोर्ट यायची वाट बघायची, पेशी पुरेशा असल्या तर डोस. वॉर्डात ओळीने आरामखुर्च्या आणि प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड. एक औषध अगदी कोकम सरबताच्या रंगाचं होतं. त्याने नंतर लघवीही लाल व्हायची. ते कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिल्यांदा मी घाबरून रडले होते. ज्यांना हे पुढे लागणार आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. घाबरू नका, ते औषधच असतं.

तिथल्या एक सिस्टर सुई टोचायच्या आधी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसायच्या. थंडीत शिरा आत जातात, हात गरम झाला की वर येतात, असं त्या म्हणायच्या. असेल तसं. पण मला वाटायचं, तेवढ्यासाठी एवढा वेळ धरायची गरज नव्हती.

शेजारच्या खुर्चीत बऱ्याचदा पेडण्याकडचे एक वयस्कर गृहस्थ असायचे. त्यांची डोंगरउतारावर अळसांद्यांची, म्हणजे चवळीची, शेती होती. त्यांना माझ्या तब्येतीत रस नव्हता, मला त्यांच्या नव्हता. ते यायचे आणि विचारायचे, वाल फुलावर आला का? मी विचारायची, अळसांद्यांना दहिवर किती पडतं? आजूबाजूला सगळे पेशी आणि स्कॅन बोलत असायचे आणि आम्ही पिकं बोलायचो. एक दिवस ते आले नाहीत, त्यानंतरही आले नाहीत. सिस्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, मुलाकडे मुंबईला नेलं. तेवढंच मला माहीत आहे. मी तेवढंच मानते.

घरी आलं की पुढचे काही दिवस वाईट जायचे. तोंडाला सतत गंजलेल्या लोखंडाची चव. माशाचा वास नको व्हायचा, आणि आमच्या घरात मासा नाही म्हणजे काय हे मालवणी माणसालाच कळेल. विलास आणि आक्का, दोघांनी हिवाळाभर घरात मासा शिजवला नाही. आक्का उकड्या तांदळाची पेज करायची, मीठ घालून. ती तेवढी जायची. केस गेले तेव्हा तिनेच पडवीत बसवून उरलेले कात्रीने उतरवले. "दागिने काढून गणपती इसर्जनाक निघाल्यासारखी दिसतंस," म्हणाली आणि मग स्वतःच डोळे पुसत आत गेली.

भेटायला येणाऱ्यांबद्दल काय लिहू? माणसं प्रेमाने येतात. पण कुणी कुणाची नजर लागली ते सांगतं, कुणी आपल्या ओळखीतल्या गेलेल्या माणसांची यादी सांगतं. आक्का त्यांना खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणातच, चहा पाजून वाटेला लावायची. स्वतः मात्र तिने देवळात जाऊन, मला बरं कर म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. ते मला फार नंतर कळलं.

लांब बसणारा माणूस

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो औषधाचा नाही. तो विलासच्या वागण्याचा होता, असं लिहिलं तर त्यांच्यावर अन्याय होईल, पण तेव्हा मला तसंच वाटत होतं.

ते दुकानातून आले की बाहेरच्या नळावर आंघोळ करायचे, कपडे वेगळे भिजवायचे, हाताला जंतुनाशक चोळायचे आणि मग खोलीच्या दारात स्टूल टाकून बसायचे. आत यायचे नाहीत. झोपायला बाहेरच्या खोलीत. "दुकानात शंभर माणसा येतत, कोणाक सर्दी, कोणाक काय," हे त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं. पण दारातल्या त्या स्टुलावरून ते रोज एकच विचारायचे, "बरा वाटता?" आणि मी रोज "हो" म्हणायची. तेवढ्यात आमचं बोलणं संपायचं.

वर्षानुवर्षं ज्याच्या शेजारी झोपले तो माणूस चार हातांवर बसतो तेव्हा डोक्याला कारण पटतं, अंगाला पटत नाही. टक्कल पडलेली, सुकलेली, विचित्र वास येणारी मी. मला वाटू लागलं की मी आता यांना नको झाले आहे, आणि सर्दीचं नुसतं निमित्त आहे. हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, अजून ठरवता येत नाही.

त्या दिवसांत माझे तास पडवीतल्या खुर्चीत जायचे. हाताने काही करायचं नाही म्हटल्यावर बघण्यावाचून काही उरत नाही. आणि बघता बघता लक्षात आलं की इतकी वर्षं या जागेत राबून मला ती जागा ठाऊकच नव्हती. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला सरकतो हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते. पण माझ्या वांग्यांवर दुपार कलताच फणसाची सावली येते आणि विहिरीकडचा पट्टा, जिथे मी नुसत्या बादल्या आणि पाइप टाकायची, तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी शाळेतून संध्याकाळी यायची. त्या वेळेला सगळीकडे सावलीच असायची.

पाणी घातलं की ते वाफ्यात मुरायच्या आधी उताराने कुंपणाकडे जातं, तेही दिसलं. बुलबुल मिरचीवर कुठून उतरतात, तेही. मनात कुठेतरी मी जागा बदलायला लागले होते. पण पुढच्या हिवाळ्याचा विचार आला की तिथेच थांबायची. पुढच्या हिवाळ्याचं बोलणं मला उधारीसारखं वाटायचं.

ताप

थंडी चांगली पडली होती तेव्हाची गोष्ट. वाल शेंगांनी लगडला होता, वांगी काढायला झाली होती. दुपारी मी उन्हात बसले होते आणि तरीही मला हुडहुडी भरली. आक्काने कपाळाला हात लावला आणि थर्मामीटर आणलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ताप आला तर घरी गोळी घेऊन वाट बघायची नाही, लगेच निघायचं. दुसऱ्यांना सांगण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी हीच निवडेन.

विलास दुकान तसंच टाकून आले. गोव्यापर्यंतचा रस्ता मला फारसा आठवत नाही. त्यानंतरचे काही दिवस तर तुकड्यातुकड्यांनी आठवतात. एकटीची खोली, दाराला काच, काचेपलीकडे विलासचा चेहरा. कधी तो दिसायचा, कधी नसायचा. कुणीतरी म्हणत होतं, रक्तदाब खाली जातोय. मी केतकीच्या लहानपणाबद्दल काहीतरी बोलत होते म्हणे.

मग एका सकाळी मला भूक लागली. डॉक्टर येऊन बसल्या. मी विचारलं, "माझ्या बागेमुळे झालं का?"

"नाही. बहुतेक तुमच्याच आतड्यातले जंतू. ते सगळ्यांच्या असतात. पेशी खूप खाली गेल्या म्हणून त्यांनी डोकं वर काढलं. तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही."

हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी दोन वाट्या पेज मागितली.

घरी आलो तेव्हा आक्का दारात उभी होती, पण माझ्याकडे बघेना. मी घरातून चालत सरळ मागच्या पडवीत गेले.

परड्यात काहीही नव्हतं. वांगी नाहीत, मिरच्या नाहीत, मुळा नाही. वालाचा मांडव उतरवून काठ्या कुंपणाला लावून ठेवल्या होत्या. विहिरीपासून कुंपणापर्यंत तांबडी माती, फावड्याने सपाट केलेली.

"कोणी केला ह्या?"

विलास माझ्या मागे उभे होते. "मी. कपडे न्हेवक इलंय होतंय त्या दिसा."

"कित्याक?"

"तुका ताप इलो."

"मातयेमुळे नव्हतो तो. डॉक्टरांनी सांगल्यानी माका."

"माका त्या वेळेक म्हायत नव्हता," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "म्हायत असता तरी..." आणि वाक्य अर्धंच टाकून ते निघून गेले.

मी भिंतीला टेकून बसले. रडायलाही ताकद लागते, ती नव्हती. आक्काने शेजारी येऊन माझ्या खांद्यावर चादर टाकली. "मी आडवी गेलंय तेका," ती म्हणाली. "म्हणालो, आक्का, बाजूक हो. असो कधी बोललो नव्हतो तो माझ्यावांगडा. तू आता तेका काय बोलू नको."

मी बोलले नाहीच. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही जेवणखाण आणि औषधं सोडून काही बोललो नाही.

मोकळी जमीन

पुढच्या डोसची वेळ आली. आदल्या दिवशी संध्याकाळी विलासनी दारातल्या स्टुलावरून विचारलं, सकाळी किती वाजता निघूया?

"मी येणार नाय," मी म्हटलं. "आता माका नको. जितका झाला तितका पुरे."

मला वाटलं ते रागावतील, समजावतील, केतकीला फोन लावतील. त्यांनी फक्त "बरा" म्हटलं. मग उठले, स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं आणि बाहेर गेले. मला तेव्हा कळलं की मला भांडण हवं होतं.

सकाळी परड्यातून खुंटी ठोकल्याचा आवाज आला. मी पडवीत आले. विलास सुतळीचं भेंडोळं घेऊन उभे होते. आयुष्यात कधी त्यांनी वाफा आखला नव्हता. फणसाखाली चार खुंट्या मारून त्यांना सुतळी बांधत होते. मी खुर्चीत बसून बघत राहिले. बोलायचं नाही असं ठरवलंच होतं. सुतळी बांधून झाली. त्यांनी पलीकडे दुसरा वाफा आखायला घेतला, तोही उताराच्या दिशेने उभा. पहिल्याच शिंपण्यात सगळं पाणी कुंपणात गेलं असतं.

"थंय ऊन येणा नाय," मी शेवटी म्हटलं.

ते वळले नाहीत. "मगे खंय येता?"

"बावीकडे. सकाळपासून तिनसांजेपर्यंत."

त्यांनी खुंट्या उपटल्या आणि विहिरीकडे गेले. "असो?"

"तसो नको. उताराक आडवो."

"किती रुंद?"

"दोनव बाजूंनी हात मधी पोचूक व्हयो."

"कोणाचो हात?" त्यांनी विचारलं. "तुझो का माझो?"

माझा हात लहान आहे. मी मांडीवरचे हात बघितले. मग "माझो" म्हटलं. त्यांनी सुतळी आत सरकवली.

त्या दिवशी आम्ही गोव्याला गेलो नाही. दोन दिवसांनी गेलो. वाफ्यांमुळे गेले असं म्हणायला छान वाटेल, पण ते पूर्ण खरं नाही. केतकी पुण्याहून येऊन माझ्या पायाशी बसली होती, डॉक्टरांचा फोन आला होता, आणि आक्काने न विचारता पिशवी भरून ठेवली होती. मी का गेले हे मला आजही नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं की गाडीत मी विलासना म्हटलं, वाफ्यांना जांभ्याच्या चिऱ्यांची कड घालूया, दोन थरांची, म्हणजे मला कडेवर बसून काम करता येईल. औषधाने माझे गुडघे गेले होते, उकिडवं बसवत नव्हतं. ते म्हणाले, "चिरे सांगतंय उद्या."

मग उरलेला हिवाळा आम्ही आखण्यात घालवला. डोसनंतरचे वाईट दिवस सरले की मी खुर्चीतून काठीने दाखवायची आणि ते जमिनीवर राखेने रेघ मारायचे. रेघ चुकली की पायाने पुसायची आणि नवी मारायची. विहिरीकडे दोन लांब वाफे. मधली वाट दोघं शेजारी शेजारी चालतील एवढी. पावसाचं पाणी निघायला खालच्या बाजूला चिऱ्यात फट. फणसाखाली, सावलीत, अळू आणि हळद. आक्काचं म्हणणं, एवढी दगडकामं म्हणजे चोचले. पण भरायला शेणखत आणि पाचोळा तिनेच कालवला. ते काम चालू असताना विलास मला खोलीत बसवून खिडक्या लावून घ्यायचे. मी काचेतून बघायची.

त्या रेघांकडे बघताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पुढच्या हिवाळ्यात मी असेन की नाही, हा प्रश्न सुटला नव्हता. तो तसाच होता. पण वाट किती रुंद हवी, हा प्रश्न त्याच्याशेजारी येऊन बसला होता. आणि दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देता येत होतं. भीती गेली नाही. तिला शेजार मिळाला.

नंतर

आंबे उतरायच्या दिवसांत शेवटचा डोस झाला. स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली. मला त्यातलं काही कळलं नाही, त्यांचं हसू कळलं. आक्का मसुऱ्याला परत गेली. जाताना म्हणाली, "आता खोकलो इलो तरी फोन करशीत काय लपवशीत?" मी करीन म्हटलं, आणि करते.

पेशी भरून यायला वेळ लागला, म्हणून मातीत हात घालायची परवानगी पावसाळा सरल्यावर मिळाली. मला वाटलं होतं तो क्षण फार मोठा असेल. पण बोटांची टोकं औषधाने बधिर झाली होती. माती ओली आहे की कोरडी हे हाताला कळेना, बघून ठरवावं लागलं. तांबड्या भाजीचं बी खसखशीहून जरा मोठं, ते चिमटीत आहे की सांडलं हेही कळत नाही. आता मी ते बारीक रेतीत मिसळून पेरते. बधिरपणा थोडा कमी झालाय, थोडा राहील म्हणतात. तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर मी सारखी गळा चाचपते. विलासना ते दिसतं.

या हिवाळ्यात एक जोडपं आमच्याकडे आलं. आतल्या गावातलं, काजू-भातशेती करणारं. बाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला होता, पुढच्या आठवड्यात उपचार सुरू व्हायचे होते. कुणीतरी आमचं नाव सांगितलं म्हणून आले. मी बाईंना आत घेऊन बसले. लाल औषधाबद्दल सांगितलं, तापाबद्दल सांगितलं, केस परत येतात ते स्वतःचे दाखवले. त्यांनी एकदाच विचारलं, "दुखता काय गो बाई खूप?" मी जे होतं ते सांगितलं.

त्यांचा नवरा बाहेर पडवीत विलासबरोबर होता. मध्ये पाणी न्यायला मी उठले तर दारातून बोलणं ऐकू आलं. विलास बोलत होते. ते इतकं सलग बोलताना मी फारसं ऐकलेलं नाही.

"माका वाटला, आपल्याकडसून तिका काय लागात. म्हणान मी भायर निजलंय. झोप येय नाय. दाराक कान लावन तिचो श्वास आयकत पडान ऱ्हवंय. जरा आवाज बदाललो की उठान बसंय. तिका ह्या ठावक नाय."

तो माणूस काहीतरी पुटपुटला.

"नाय, तसा करू नको," विलास म्हणाले. "तोंडाक मास्क लाव, हात धुव, पण तिच्या बाजूक बस. मी लांब बसलंय. तिका वाटला असतला की ती माका नको झाली. ता माका कळा होता. दिसा होता तिच्या तोंडार. पण उठान आत जावचो धीर नाय झालो. तू जा."

मी तांब्या हातात घेऊन तिथेच उभी राहिले. मग पाणी घेऊन आत गेले. ती बाई माझ्याकडे बघत होती, तिने काही विचारलं असावं. मी तिला पुन्हा विचार म्हणून सांगितलं.

ते निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. येताना तो नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे अशी आली होती. जाताना तो खळ्याच्या पायरीशी थांबला, तिने पाय खाली टाकेपर्यंत. मग ती दोघं बरोबर चालत रस्त्याला लागली.

मी आत आले. विलास कपबश्या विसळत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ, आणि एकेक कप पुसायला घेतला.